घोड्यावर न बसलेला काऊबॉय

आमच्या घरात माणसं पाच आणि चपलांचे जोड दोन. त्यातला एक बापाचा, कारण बापाचं कामच चालण्याचं होतं. तो गुरं हाकायचा. स्वतःची नाही, आमच्याकडे शेपटीवालं काही असेल तर ती एक मांजर, आणि तीही खरी शेजारच्यांचीच. व्यापाऱ्यांनी गावोगाव खरेदी केलेले बैल, गाई, गोऱ्हे एके ठिकाणी जमवायचे आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून शनिवारच्या बाजारापर्यंत दोन दिवस पायी न्यायचे, हा त्याचा धंदा. तीस जनावरं, मागे दोन माणसं, हातात तुरीची काठी. बाप निघाला की घरात चपलांचा एकच जोड उरायचा. तो सकाळी माय घालून गवत कापायला जायची. ती परत आली की मी घालून शाळेत जायचो. त्यामुळे पहिली प्रार्थना मला कधी मिळाली नाही. गुरुजी म्हणायचे, "आले का ढोरामागचे साहेब?" वर्ग हसायचा. मी बसायचो.

माय म्हणायची, "हसू दे. तू फक्त बसत जाय. उठू नको."

मी उठलो नाही. अकोल्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली. आमच्या अख्ख्या खानदानातला पहिला पदवीधर. ही गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगतो, इथेही सांगितली. कोणाला बढाई वाटली तर वाटू द्या. ज्यांच्या घरात चार पिढ्या पदवीधर आहेत त्यांना ती सांगावी लागत नाही, एवढंच.

आता मी जो धंदा करतो तो वाचून तुम्ही हसणार आहात, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी अमेरिकेत काऊबॉय कवी आहे. गिटार घेऊन कंट्री गाणी म्हणतो, मधेमधे गुरांवरच्या, गवतावरच्या, त्यांच्यामागे आयुष्य घालवणाऱ्या माणसांवरच्या यमकबद्ध कविता पाठ म्हणतो, आणि त्यावर घर चालवतो. माझं नाव देवानंद खंडारे. डोक्यावर रुंद काठाची हॅट, पायात बूट, आणि बोलण्यात वऱ्हाड.

इथवर कसा आलो ते क्रमानं सांगत बसलो तर अंक पुरायचा नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी पशुआहारावर एमएस केलं. तिथला माझा रूममेट केदार, पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "यार देवा, गाईंवर एमएस करायला तू अमेरिकेत आलास? तिकडे गाई कमी पडल्या होत्या का?"

मी म्हटलं, "तिकडे त्यांच्या मागे चालावं लागत होतं. इथे त्यांच्या पुढे काय टाकायचं ते ठरवतात. म्हटलं, जरा पुढच्या बाजूला येऊन पाहू."

एमएसनंतर कॅन्ससमध्ये नोकरी मिळाली. जिथे हजारो जनावरं एका जागी कोंडून पोसतात अशा गोठ्यांना खाद्याचा सल्ला द्यायचा. आणि तिथे माझ्या हातून ती चूक झाली, जिनं माझा धंदा बदलला.

तिकडे गुरांचा लिलाव एका गोल घरात होतो. मधे वाळूचं रिंगण, भोवती चढत जाणारी बाकं. वर चौथऱ्यावर लिलाव पुकारणारा माणूस बसतो. तो आकडे बोलत नाही, आकडे गातो. एका श्वासात, तालात, मधे भरीचे शब्द टाकत, आणि सम कुठे येणार ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. माझा काका आमच्याकडे चौदा एप्रिलच्या जलशात डफ वाजवायचा. त्याच्या मांडीला मांडी लावून मी लहानपणी बसलो आहे. त्या दिवशी कॅन्ससच्या त्या गोल घरात मला अचानक काकाचा डफ ऐकू यायला लागला. आणि आपल्याकडे चांगलं काही ऐकलं की माणूस काय करतो? मान डोलावतो. मीही डोलावली. समेवर तर जरा जोरातच.

हातोडा आपटला. पुकारणाऱ्यानं माझ्याकडे बोट केलं. एक काळी, लंगडी गाय माझी झाली होती.

लिलावाच्या घरात नजर मिळाली आणि मान हलली की बोली पक्की. तिथे "मी दाद देत होतो" हे कारण चालत नाही. पुकारणारा, त्याचं नाव वेन, खाली आला. साठीचा, लाल चेहऱ्याचा माणूस.

"तू गाय घ्यायला आला होतास?"

"नाही."

"मग डोकं का हलवत होतास?"

"तू फार छान म्हणत होतास म्हणून."

"तीस वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला, "कोणी मला असं म्हटलं नव्हतं. पण गाय तुझीच आहे हं."

गाय वेनच्याच कुरणात राहिली. तिला बघायला म्हणून मी दर रविवारी जायला लागलो. वेन लग्नांत आणि जत्रांत कंट्री बँड घेऊन जायचा. त्यानं मला गिटारवरचे तीन कॉर्ड शिकवले आणि म्हणाला, "एवढ्यात अर्धी गाणी येतात. उरलेल्या अर्ध्यांना दोन पुरतात." त्या गाईवर मी पहिली कविता इंग्रजीत रचली. मान डोलावून गाय विकत घेणाऱ्या परदेशी मूर्खाची गोष्ट. वेननं ती बँडच्या कार्यक्रमात मला म्हणायला लावली. लोक पोट धरून हसले. तिथून सुरुवात.

बाहेरच्यांना वाटतं हा धंदा म्हणजे स्टेजवरचा झगमगाट. माझ्या कार्यक्रमांची ठिकाणं ऐका. तालुक्याच्या जत्रेत डुकरांच्या स्पर्धेनंतर. पशुपालकांच्या वार्षिक जेवणात, लोक मांसाचा तुकडा कापत असताना. रोडिओत, म्हणजे उधळत्या बैलावर टिकून बसायच्या खेळात, पुढचा बैल फाटकात येईना म्हणून मधली दहा मिनिटं भरायला. वृद्धाश्रमात, जिथे एक आजोबा प्रत्येक वेळी मला विचारायचे, "तू डॉक्टर आहेस ना?" आणि मी नाही म्हटलं की म्हणायचे, "मग हॅट काढ." दोनदा अंत्यविधीला. मेलेला माणूस सांगून गेला होता की पाद्र्यानं कमी बोलावं आणि त्या हिंदुस्थानी पोरानं ती लंगड्या गाईची कविता म्हणावी.

या कवितेचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. कागद हातात घ्यायचा नाही, सगळं पाठ. दुसऱ्याची कविता म्हणायची तर आधी त्याचं नाव घ्यायचं. आणि जे काम आपण किंवा आपल्या माणसांनी हातानं केलं नाही, त्यावर लिहायचं नाही. समोर बसलेल्या माणसांनी ते काम केलेलं असतं. त्यांना खोटं लगेच कळतं.

तिसरा नियम मी मोडला, आणि तोही मोठ्या ठिकाणी.

पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात एका लहान गावी दर हिवाळ्यात काऊबॉय कवींचा मेळावा भरतो. आमच्या धंद्यात ती पंढरी नाही म्हणणार मी, ती उपमा फार वापरून झाली. ती आमची परीक्षा. सकाळी शाळेच्या हॉलमध्ये खुली फेरी असते. कोणीही नाव द्यावं, पाच मिनिटं म्हणावं. पण संध्याकाळी गावातल्या जुन्या थिएटरात निवडक आठ कवी उभे राहतात. त्या आठांत जो आला तो कवी, बाकीचे हौशी. मला त्या आठांत यायचं होतं. लपवून काय करू, दुसरं काहीच नको होतं.

पहिल्या वर्षी खुल्या फेरीत मी घोड्यावरून दोर टाकून वासरू पकडल्याची कविता म्हटली. जोरदार यमकं, टापांचा ताल. मी स्वतः घोड्यावर आयुष्यात दोनदा बसलो होतो, दोन्ही वेळा घोडा उभा होता. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली. पांढरी वेणी, मळकी डेनिमची बंडी. तिचं नाव मार्था. ऐंशीच्या घरात, अजून स्वतःची गुरं सांभाळणारी, आणि मेळाव्याच्या निवड समितीवर.

"चांगलं म्हटलंस," ती म्हणाली. "एक सांग. वासरू दोरात आलं, तू दोर खोगिराच्या पुढच्या खुंटीसारख्या बोंडाला गुंडाळलास. तेव्हा तुझा अंगठा कुठं होता?"

मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं.

तिनं उजवा हात वर केला. अंगठा मुळापासून नव्हता. "अंगठा वर ठेवला नाही तर दोर आणि बोंड यांच्यामधे तो असा जातो. ज्यानं हे काम केलंय तो बाकी सगळं विसरेल, अंगठा विसरणार नाही."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी मी खाद्याच्या कविता नेल्या, तिसऱ्या वर्षी वेनच्या लिलावाच्या. त्या खऱ्या होत्या. सकाळी टाळ्या मिळायच्या, संध्याकाळची यादी लागली की माझं नाव नसायचं. मार्था सांगायची, "खरं आहे, पण कडेनं आहे. तू कुंपणाबाहेर उभा राहून लिहितोस."

चौथ्या वर्षी मात्र संध्याकाळचं आमंत्रण घरी चालून आलं. मेळाव्यासाठी एक नवा कार्यक्रम व्यवस्थापक आला होता, ब्रेंट. शहरातला, गोड बोलणारा. फोनवर म्हणाला, "देव, तू आमच्याकडे वेगळा दिसतोस. ते वेगळेपण वापरू या. तू पगडी घालून येशील. केशरी, चमचमती. लंगड्या गाईची कविता म्हण, पण जाड उच्चारात, समजलं ना, कॉल सेंटरवाल्यासारखी. लोक वेडे होतील. नाव फक्त 'राजा' लिहू."

मी विचारलं, "ब्रेंट, बाकीचे सात जण काय घालून येणार?"

"ते? ते नेहमीसारखेच. हॅट."

"मीही हॅटच घालतो."

"देव, नीट विचार कर. हे संध्याकाळचं आहे."

संध्याकाळचं आहे हे त्यानं मला सांगायची गरज नव्हती. चार वर्षं मी तेच मागत होतो. बायको, सुजाता, शेजारी उभी होती. ती दवाखान्यात नर्स आहे आणि तिच्याइतकं कमी बोलणारं माणूस मी पाहिलं नाही. तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं. मी फोनवर म्हणालो, "माझ्या घराण्यात पगडी कोणीच घातली नाही. ज्यांनी घातली ते आम्हाला दारात उभं करत नव्हते. तुझ्या तमाशासाठी मी ती घालणार नाही." फोन ठेवला. त्या वर्षी मी मेळाव्याला गेलोच नाही.

तुम्ही म्हणाल, हे गोरे लोक असेच. थांबा. त्याच वर्षी पूर्वेकडच्या एका मराठी मंडळानं गणेशोत्सवात मला बोलावलं. 'काऊबॉय आपला मराठी' अशी जाहिरात. सांस्कृतिक विभाग सांभाळणाऱ्या काकूंचा फोन आला. फार प्रेमळ बाई.

"देवानंद, तुझं ते गाईचं विनोदी आहे ना, ते नक्की घे. आणि लावणी-कंट्री फ्युजन करशील का? मुलांना आवडेल."

"काकू, मी एक मराठीतली कविताही म्हणणार आहे. माझ्या आजोबांवर. गावानं मेलेली गुरं ओढायचं काम आमच्या वाट्याला टाकलं होतं. आजोबांनी एक दिवस ते सोडलं, त्याची आहे."

मग काकू म्हणाल्या, "अरे, सणाचं ना... लोक जेवून बसलेले असतात. ते चामडं वगैरे... आपण इथे येऊन सगळे सारखेच झालो की नाही?"

"झालो ना. मग सारख्यांसमोर म्हणायला काय हरकत आहे?"

"आणि तुझं नाव नुसतं 'काऊबॉय देव' लिहिलं तर चालेल ना? कॅची वाटतं."

"खंडारे लिहा काकू. पूर्ण लिहा. नाहीतर मला कॅन्सल करा."

त्यांनी लिहिलं. मी ती कविता म्हटली. पुढच्या रांगेतले दोन काका पाणी प्यायला उठले ते परत आले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर आठवीतली एक मुलगी आली. तिच्या आईनं "काकांना मराठीत विचार" म्हणून ढकललं होतं, पण ती इंग्रजीतच म्हणाली, "तुमचे आजोबा खरंच नाही म्हणाले? त्यांना भीती नाही वाटली?"

"वाटली असेल," मी म्हटलं. "तरी म्हणाले."

तेव्हा मला माझा मोठा अभिमान वाटला होता. पगडी नाही घातली, आडनाव नाही सोडलं, आजा नाही लपवला. छाती काढून फिरत होतो. ती छाती पुढच्याच हिवाळ्यात मार्थानं खाली बसवली.

पाचव्या वर्षी मी पुन्हा मेळाव्याला गेलो, सकाळच्याच फेरीला. आदल्या दिवशी सकाळी गावातल्या खानावळीत नाश्ता करत होतो, तर मार्था समोर येऊन बसली.

"पगडीचं ऐकलं मी," ती म्हणाली. "बरं केलंस. पण मला एक कळत नाही. काल कोंडवाड्यापाशी पाहिलं, गुरांसमोर तू उभा राहतोस तो आमच्यासारखा. आवाज न करता, कडेनं, हात खाली. हे गोठ्याला सल्ला देणाऱ्याचं उभं राहणं नाही. तुझी माणसं काय करायची?"

आणि मी, जो जगाला आडनाव ओरडून सांगत होतो, चाचरलो. जात मी कधी लपवली नव्हती. पायी चालणं लपवलं होतं. या मुलखात घोड्यावर बसणारा तो माणूस, आणि गुरांमागे पायी चालणारा म्हणजे ज्याला कोणी घोडा दिला नाही तो. पाच वर्षांत मी या लोकांसमोर बापाचं नाव काढलं नव्हतं. घोडे, दोर, लिलाव, खाद्य, सगळं म्हटलं. तो माणूस गाळला. वर्गात गुरुजींनी हसं केलेला पोरगा इथपर्यंत माझ्याबरोबर आला होता आणि अजून खाली मान घालून बसला होता.

"माझा बाप गुरं हाकायचा," मी म्हणालो. "बाजारापर्यंत. दोन दिवस. पायी."

तिनं कप खाली ठेवला. "किती?"

"तीस."

"घोड्याशिवाय? कुत्रा?"

"नाही."

"मग कळप फुटला की वळवायचा कसा? नदी आडवी आली तर? एखादं लंगडायला लागलं तर?"

पदवी होती, एमएस होतं. बापाचा धंदा मी त्याला कधी विचारलाच नव्हता. मी घड्याळ पाहिलं. गावी रात्र झाली होती. व्हिडिओ कॉल लावला. बहिणीनं उचलला आणि फोन बापापुढे धरला. बाप ओट्यावर बाजेवर बसला होता, फोनकडे एक डोळा बारीक करून बघत.

"काऊन रे, यावेळी? तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे, बाबा. इथे एक बाई आहे. गुरंवाली. तुला काही विचारते म्हणते."

"मले?" त्यानं डोक्याचा रुमाल सारखा केला. "विचार म्हना."

मी मधे बसून दोन्हीकडे सांगत गेलो. मार्थानं नदीचं विचारलं.

"पूर असला तं घालाचं नाई. बसाचं काठावर. पानी उतरलं का आधी म्हातारी गाय घालाची. तिले मालूम रायते. ती गेली का मंग सगळे जाते."

मार्था म्हणाली, "माझा बाप हेच सांगायचा. अगदी हेच."

"काय म्हंते?"

"तिचा बापही असंच करायचा म्हणते."

"मंग तिचा बाप समजदार होता," बाबा म्हणाला. मग स्क्रीनजवळ तोंड आणून हळूच, "तिच्या आंगठ्याले काय झालं रे?"

"दोरात गेला."

"कासऱ्यात बोट अडकवाचं नाई, हे तं आमच्याकडं लेकराले बी समजते."

हे भाषांतर करावं की नाही, मी घुटमळलो. मार्था म्हणाली, "काय म्हणाला? सांग." सांगितलं. ती एवढी हसली की खानावळीतली बाई कॉफीचं भांडं घेऊन थांबली.

मार्थानं पुढे विचारलं, कळप फुटला की काय करतो. बाबा म्हणाला, पळायचं नाही. आपण पळालो की जनावर पळतं. जागेवर उभं राहून हाळी द्यायची. "कशी?" मार्थानं विचारलं. बाबा लाजला. "आता हितं, ओट्यावर? लोकं काय म्हंतीन?" बहीण पाठीमागून म्हणाली, "द्या ना बाबा, अमेरिकेतून मागून रायले तं." मग त्यानं दिली. "हो... हो... होऽऽ... चाल माय, चाल..." लांब, खालच्या सुरात, शेवटाला किंचित वर उचललेली. शेजारच्या टेबलावरचा हॅटवाला वळून बघायला लागला.

फोन ठेवल्यावर मार्थानं कप बाजूला सारला. मग म्हणाली, "तुझा बाप हँड आहे." त्या मुलखात हा शब्द ते फार कमी वेळा वापरतात. कामाला पक्का, ज्याच्या भरवशावर कळप सोडावा असा माणूस, असा त्याचा अर्थ. स्वतःबद्दल तो कोणी वापरत नाही. दुसऱ्यानं म्हणावा लागतो. "आणि तू पाच वर्षं मला माझ्याच मुलखाच्या गोष्टी सांगत होतास. तुला लाज वाटत होती?"

"हो," मी म्हणालो.

"मग आता लिही. पुढच्या वर्षापर्यंत. मी जगले तर ऐकेन."

वर्षभर लिहिली. दर रविवारी बाबाला फोन. "दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे थांबायचास? पुढे कोण चालायचं? पाऊस आला तर?" तो आधी वैतागायचा, "आता तुले हाकाचे हायत का ढोरं?" पुढे पुढे स्वतःच आठवून ठेवायचा आणि फोन लागताच सुरू व्हायचा. आमच्या दोघांच्या आयुष्यात आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो. हे वीस वर्षं आधी करायला हवं होतं. त्याला आता मधली काही गावं आठवत नाहीत, आणि ती कवितेत नाहीत. ती जागा मी तशीच मोकळी ठेवली आहे. भरायला मनानं रचलेली गावं घातली नाहीत.

सहाव्या वर्षी मार्थानं मला समितीपुढे नेलं. ब्रेंट तिथे होता. तो म्हणाला, "म्हणजे पगडी नाही आणि घोडाही नाही. मग लोकांनी बघायचं काय?"

"बघायचं काही नाही," मी म्हणालो. "ऐकायचं आहे."

समितीतला एक जण म्हणाला, संध्याकाळच्या रंगमंचावर घोड्यावरून काम केलेलाच माणूस उभा राहतो, ही पद्धत आहे. मार्थानं विचारलं, "कुठे लिहिली आहे?" कुठेच लिहिलेली नव्हती. "घोडा काढून घेतल्यावर तुमच्यातले किती जण तीस जनावरं दोन दिवस चालवून दाखवाल? हात वर करा." हात वर आले नाहीत. मला मध्यंतरापूर्वीची जागा मिळाली. सात मिनिटं.

थिएटर भरलं होतं. आडनावासकट नाव पुकारलं गेलं, जरा वाकडं पुकारलं गेलं, मी हॅट घालून गेलो. कविता इंग्रजीत आहे. तिची सुरुवात मराठीत साधारण अशी होईल:

तीस जनावरं, दोन माणसं, घोडा एकही नाही;
माझा बाप चालत होता, धूळ उडत होती काही.
ज्यांची गुरं ते गाडीतून आधीच पोचले होते;
ज्याचे पाय त्याचा रस्ता, एवढेच ठाऊक होते.

दुसऱ्या कडव्यापर्यंत ठीक चाललं. तिसऱ्यात नदी येते. तिथे ओळ गेली. पूर्णपणे गेली. डोकं नुसतं कोरं. कागद खिशातही नव्हता, नियमच तो. विंगेत ब्रेंट मनगटावरचं घड्याळ बघताना मला दिसला. मी पळायच्या बेतात होतो, खरं सांगतो. आणि एवढंच आठवलं की पळायचं नाही, जागेवर उभं राहायचं.

मी हाळी दिली. कवितेत ती शेवटी होती, मी मधेच दिली. बापाची, तशीच. "हो... हो... होऽऽ... चाल माय, चाल..." एकदा. मग दुसऱ्यांदा. अंधारातून मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या आवाजानं त्याची स्वतःची हाळी दिली, त्याच्या कुरणातली. मग डावीकडून एका बाईनं. तिघाचौघांची झाली. ती चेष्टा नव्हती. मला फरक कळतो, मी शाळेत शिकलोय तो. ओळ परत आली. पुढची चार कडवी मी एका दमात म्हटली.

लोक उभे राहिले. दुसऱ्या दिवशी बाबाला फोन केला.

"ऐकलं का लोकांनी?"

"ऐकलं बाबा. सगळे उठून उभे राहिले."

"उठले? काऊन? जात होते का?"

"नाही बाबा, आवडलं की इकडे उभे राहतात."

"असं का." मग म्हणाला, "मंग बसवाचं ना त्याईले. म्हातारे असतीन."

त्याला इंग्रजी येत नाही आणि विमानात बसायला तो तयार नाही, त्यामुळे त्यानं ती कविता माझ्या तोंडून त्या रंगमंचावर कधी ऐकलेली नाही. बहीण फोनवर लावून देते, तो हाळीपर्यंत थांबतो आणि म्हणतो, शेवटाला सूर कमी उचलला. बरोबर सांगतो. मार्थानं ती कविता त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत बसून ऐकली, आणि नंतर आणखी दोन हिवाळे ऐकली. आता ती नाही.

त्या मेळाव्यात पायी गुरं हाकणाऱ्या माणसाची कविता माझ्याआधी कोणी म्हटली नव्हती. मी म्हटली, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या हॅटमध्ये. त्यानंतर नोकरी सोडली. तेव्हापासून दरवर्षी मी संध्याकाळच्या आठांत आहे, आणि कविता म्हणणं हाच माझा पूर्णवेळ धंदा आहे.